गाडीच्या सावलीला

"बाबा, समोर देवळाचा ओटा हाय ना. तिथं काऊन नाही बसत?" मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले.

"इथं बरं हाय," बाबा म्हणाले. त्यांनी जीपच्या चाकाला पाठ टेकली, डबा मांडीवर घेतला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"काय बरं हाय? डांबर वितळून राह्यलं."

ते नुसते हसले. माझ्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती. सारं आयुष्य तिच्या धडधडीत काढल्यामुळे त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ते बोलणं ओळखायचे, आणि जे ओळखू येत नसे त्याला हसून उत्तर द्यायचे.

"मीही तेच सांगतो," देविदास म्हणाला. तो जीपच्या दारात पाय बाहेर सोडून बसला होता. "म्हटलं, पुंडलिकभाऊ, गाडीत बसा, सीट रिकामी हाय. त नाही म्हणतात. अंदर बसलं की जीव घाबरते म्हणतात."

एप्रिल संपत आला होता. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी ट्रस्टचा एक मोठा दवाखाना होता, तिथं आईला आणलं होतं. तिच्या पोटातली गाठ काढली होती. बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ एकच माणूस, तेही बाईमाणूस राहू देत. पुरुषांना संध्याकाळी भेटीच्या वेळेपुरतं सोडत. त्यामुळे मी वर, दुसऱ्या मजल्यावर आईच्या खाटेशी, आणि बाबा दिवसभर खाली.

खाली म्हणजे पार्किंगमध्ये. चहावाला सांगायचा, की आदल्या वर्षापर्यंत तिथं कडुनिंबाची मोठाली झाडं होती. पेशंटचे नातेवाईक झाडांखाली चुली मांडत, कपडे वाळत घालत, निजत. मग गाड्या वाढल्या म्हणून ट्रस्टनं झाडं तोडली आणि सगळीकडे डांबर ओतलं. त्या डांबरावर एक रेघसुद्धा मारली नव्हती. जीपा, टेम्पो, मोटरसायकली, ॲम्ब्युलन्स, सगळं एकाच फाटकातून आत येई आणि जिथं जागा दिसेल तिथं उभं राही. एक गाडी बाहेर काढायची तर चार गाड्या मागंपुढं कराव्या लागत. स्ट्रेचर त्यांच्यातूनच, सलाईनची बाटली हातात उंच धरलेला नातेवाईकही त्यांच्यातूनच.

झाडं गेली तरी माणसं होतीच. ती आता गाड्यांच्या सावलीला बसत. सकाळी गाडीच्या एका अंगाला, उन्हं कलली की दुसऱ्या. ऐन दुपारी सावली अगदी चाकाशी येऊन थांबे, तेव्हा लोक चाकाला चिकटून बसत, काही जण तर अर्धे गाडीखाली सरकत. ड्रायव्हर आला की ओरडे, "उठा हो, निघाली गाडी," आणि सगळे गाठोडी उचलून दुसऱ्या गाडीकडे जात.

देविदास ढोबळे आमच्याच भागातला. रोज सकाळी गावाकडचे पेशंट जीपमध्ये घालून आणायचा आणि दुपार कलली की परतीचे घेऊन जायचा. सगळ्यांच्या आधी येत असल्यामुळे त्याला रोज एकच जागा मिळे. आईलाही त्यानंच आणलं होतं. बाबा त्याच्याच जीपपाशी बसत, कारण त्याला त्यांच्या कानांचं माहीत होतं. गाडी काढायच्या आधी तो खाली उतरून त्यांच्या खांद्यावर थाप मारी.

बाबांचं जेवण झालं. त्यांनी हात धुतले, मध्येच मान वर करून इमारतीकडे पाहिलं. मी औषधाची चिठ्ठी दाखवली.

"आन इकडे, मी जातो."

"नको. तुमाले तो काय म्हणते ते समजणार नाही. तुमी बसा."

मी फाटकाजवळच्या औषधाच्या दुकानात रांगेत जाऊन उभी राहिले. देविदास चहाला गेलेला मला दिसला. थोड्या वेळानं ॲम्ब्युलन्स आली. तिला आत जायला वाट नव्हती. एक टेम्पो आडवा, त्याच्या पुढं देविदासची जीप. चौकीदार हातातला दांडा गाड्यांच्या टपावर आपटत ओरडायला लागला, "काढा रे! कोनाची हाय ही? काढा लवकर!" ॲम्ब्युलन्सचा भोंगा थांबत नव्हता. देविदास कप टाकून धावला. तो उजव्या अंगानं आला. मघाशी बाबा तिथंच बसले होते, ती जागा त्यानं पाहिली. तिथं कोणी नव्हतं. त्याला वाटलं, उठून गेले असतील. बाबा सावलीबरोबर सरकत मागच्या चाकाशी गेले होते आणि डोक्याखाली पिशवी घेऊन आडवे झाले होते. त्यानं गाडी मागं घेतली.

लोकांची किंकाळी ऐकून मी वळले. चिठ्ठी दुकानाच्या खिडकीत तशीच राहिली.

ज्या ॲम्ब्युलन्ससाठी वाट करायची होती, तिच्यातल्या बाईला उतरवलं आणि त्याच स्ट्रेचरवर बाबांना घातलं. दवाखान्याच्या दारातून आत नेलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काय बोलते ते ओळखायला पाहत असत तसं. मी काहीच बोलू शकले नाही. थोड्या वेळानं नर्सनं पडदा ओढला.

डॉक्टर तांबोळी म्हणून एक तरुण बाई होत्या, आईच्या ऑपरेशनला त्याच होत्या. त्यांना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"कुंदा, ऐक. तुझ्या आईचं हृदय ऑपरेशनच्या टेबलावर अडखळलं होतं. आम्ही कसंबसं सावरलं. हे तिला आत्ता कळलं तर काय होईल, मी सांगू शकत नाही. टाके निघेपर्यंत थांबशील?"

"मी तिले काय सांगू?"

"काहीही सांग," त्या म्हणाल्या.

संध्याकाळच्या आधी काका आले, बाबांचे थोरले भाऊ. ट्रकमध्ये बाबांना ठेवलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. काका म्हणाले, "चाल, चढ."

"मायजवळ कोण राहीन?"

काकांनी वर इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ट्रक फाटकाबाहेर गेला. मी नळावर तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं आणि जिना चढले.

आई नुकतीच जागी झाली होती. दुपारी तिला दुखणं थांबायची सुई दिली होती.

"जेवले का ते?" तिनं विचारलं.

"जेवले."

"मंग?"

"गिरणीचा पट्टा तुटला म्हणून निरोप आला. गावी गेले."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "सांगून नाही गेले," ती म्हणाली.

"तू झोपली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं तिचं अंग पुसून घेतलं, वेणी घातली. आईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढायला सांगितली. मी काढली. तिनं छोटा आरसा माझ्या हातात दिला, मी तिच्या तोंडासमोर धरला.

"नीट धर व. दिसत नाही मले."

मी आरसा जरा वर घेतला. तिनं कुंकू लावलं. त्यानंतर रोज सकाळी हेच.

देविदासला पोलिसांनी नेलं होतं. तो जामिनावर सुटला, पण जीप ठाण्यातच अडकली. सुटल्याच्या संध्याकाळी भेटीच्या वेळी तो वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात डबा होता. माझ्याआधी आईलाच तो दिसला.

"ये ना देविदास, असा दारात काऊन? ह्यायले तूच सोडलं का गावी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"हो वहिनी," तो म्हणाला. "मीच सोडलं."

"घरापर्यंत?"

"हो."

"पट्टा भेटला का नवा?"

"भेटन."

त्याच्या बायकोनं मऊ खिचडी करून दिली होती. त्यानं डबा ठेवला, पाण्याचा जग भरून आणला, खाटेखाली पडलेली चादर घडी करून ठेवली आणि गेला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आला. मग रोजच यायला लागला. कधी खिचडी, कधी मुगाचं वरण, एकदा शिरा. आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, "रक्ताचं नातं नाही काही नाही, पण पाहा." आणि त्याला म्हणायची, "देव तुह्या लेकराबाळाचं भलं करो बापा." तो खाली मान घालून उभा राही. ती बोलायची थांबेपर्यंत तो जागचा हलत नसे.

एका संध्याकाळी मी त्याच्या मागोमाग जिन्यात गेले.

"काऊन येता तुमी?"

"मंग कुठं जाऊ?"

"कुठंही जा. ती तुमाले दुवा देते आन मले ते ऐकावं लागते."

"मलेही ऐकावं लागते, ताई," तो म्हणाला.

"उद्यापासून येऊ नका."

त्यानं मान हलवली. डबा जिन्याच्या पायरीवर ठेवून तो उतरून गेला.

तो आला नाही. आई विचारायची, मी म्हणायची, त्याला लांबचं भाडं मिळालं. पण तो लांब कुठं गेला नव्हता. व्हरांड्यातून मला तो खाली दिसायचा. कोणतीही गाडी सुरू झाली, की तो तिच्याभोवती फिरायचा. वाकून चारही चाकांखाली पाहायचा. झोपलेल्यांना हात धरून उठवायचा, म्हाताऱ्यांची गाठोडी उचलून बाजूला ठेवायचा, आणि मगच ड्रायव्हरला हात करायचा. आधी चौकीदार त्याला हसले. मग तेच त्याला हाक मारायला लागले. दिवसभर तो त्या उन्हात असा गाड्यांमधून फिरत असे. त्याला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

आईनं पुन्हा विचारलं तेव्हा मी खाली गेले. "माय बोलवते," एवढंच म्हणाले. तो माझ्यामागून वर आला.

त्याच दिवसांत मला दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. काळमेघ साहेब. खोलीत कूलर चालू होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"झालं ते फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण यात दवाखान्याचा काही दोष नाही, हे तुला पटतं ना?"

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला.

"ती जागा गाड्यांसाठी आहे. माणसांनी तिथं बसायचंच कशाला? समोर देऊळ आहे, केवढा मोठा ओटा आहे, पिंपळाची सावली आहे. तुझे वडील तिथं का नाही बसले?"

हेच मी बाबांना विचारलं होतं. मला उत्तर माहीत नव्हतं.

"एकच फाटक हाय," मी म्हणाले. "यायलाही तेच आन जायलाही तेच. ॲम्ब्युलन्सले वेगळी वाट नाही. मागं घेतल्याशिवाय एकही गाडी निघत नाही. चालणाऱ्यानं कुठून चालायचं, ते कुठंच नाही."

"तू इंजिनीअर आहेस का?"

"पॉलिटेक्निकला आहे. सिव्हिल. शेवटचं वर्ष."

"मग आधी शिकून घे," ते म्हणाले, पण आवाज चढवला नाही. मला वाटतं त्यांनाही कुठंतरी लागलं असावं. दोन दिवसांनी पार्किंगमध्ये लोखंडी पाटी उभी राहिली: वाहनांजवळ बसू नये, अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. दुपारी त्या पाटीच्या सावलीला एक म्हातारी नातवाला घेऊन बसलेली दिसली.

टाके निघाले. डॉक्टर म्हणाल्या, "घरी न्या, तिथं चार माणसांत हळूहळू सांगा." काकांनी गावातून गाडी पाठवायचं ठरवलं होतं, पण आई ऐकेना. देविदासची जीप असताना दुसरी कशाला? जीप तोवर कोर्टातून सुटली होती. देविदासनं नको म्हटलं, मी नको म्हटलं, आणि का नको ते दोघांनाही सांगता येईना. सकाळी तो आला. गाडी त्यानं आत आणली नाही. बाहेर रस्त्यावर उभी करून तिच्या दारापाशी थांबला.

आई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. पार्किंगच्या मधोमध ती थांबली. जीप उभी असायची, नेमकी तीच जागा.

"इथंच बसत ना ते?" तिनं विचारलं.

मी तिला ही जागा कधी दाखवली नव्हती. त्या क्षणी ते माझ्या लक्षातही आलं नाही. तिला आता त्या जीपमध्ये बसवायचं, एवढंच डोक्यात होतं, आणि ते माझ्यानं होईना.

"माय, बाबा नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"गेले. गावी गेले म्हटलं ना मी, त्या दिवशी. इथंच. गाडीखाली आले."

ती रडली नाही. "कोनाची गाडी?" म्हणाली.

मी फाटकाकडे पाहिलं. माझ्या नजरेमागून तिनंही पाहिलं. देविदास दाराला हात लावून उभा होता. आमच्याकडे पाहून त्याला कळलं असावं, कारण त्यानं हात खाली घेतला. आई खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिथंच, डांबरावर, खाली बसली.

"दहावं झालं?"

"झालं. सोमवारी."

"सोमवारी मी काय खाल्लं?"

"माय, कशाले..."

"काय खाल्लं मी?"

"शिरा."

तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसायला लागली. कुंकू निघून गेलं तरी पुसत राहिली. कातडी लाल झाली तेव्हा मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो बाजूला केला.

"रोज सकाळी तू आरसा धरला," ती म्हणाली.

"डॉक्टरनं सांगतलं होतं, माय. तुह्या जिवाले..."

"डॉक्टरनं आरसा नाही धरला."

ती माझा हात न धरता उठली. पोटावर हात दाबून एकटी चालत फाटकापर्यंत गेली. देविदासच्या समोर क्षणभर थांबली. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, मारेल. ती पुढच्या सीटवर चढून बसली. "चाल," म्हणाली. मी मागं बसले.

खटला चालला. देविदासला काही महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून आला तेव्हा त्याचा परवाना गेला होता, जीप विकली होती. एक दिवस आई त्याच्या घरी गेली आणि त्याला गिरणीवर घेऊन आली. काका तिच्याशी बोलेनासे झाले. गावात नाही नाही ते बोललं गेलं. तिनं एकदाच सांगितलं, "गिरणीले माणूस पाहिजे, त्याले काम पाहिजे."

माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. कधी आली, जेवली का, गाडी किती वाजता हाय. मी डिप्लोमा पूर्ण केला, नागपूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. गावी जाणं कमी होत गेलं. जायची तेव्हा गिरणीच्या बाजूला पाऊल टाकत नसे. देविदासशी मी बोलत नव्हते. त्यानंही कधी प्रयत्न केला नाही.

ऑफिसात पार्किंगचे नकाशे कोणाला नको असत. इमारत सगळ्यांना हवी. इमारत काढून उरेल ती जागा म्हणजे पार्किंग. ते काम मी मागून घ्यायची. येण्याची आणि जाण्याची फाटकं वेगळी. ॲम्ब्युलन्सची वाट अशी, की तिथं दुसरी गाडी थांबूच शकणार नाही. गाड्या तिरप्या, पुढून शिरून पुढूनच निघतील अशा, म्हणजे मागं घ्यायची वेळच येऊ नये. चाकांना अडवायला दगडी उंबरा. फाटकापासून दारापर्यंत चालणाऱ्यांची पायवाट, गाड्यांपेक्षा उंच. दर दोन ओळींमध्ये झाडं. मालक म्हणत, तुमच्या नकाशात गाड्या कमी बसतात. मी म्हणायची, हो, कमी बसतात. काही मानत, काही दुसऱ्याकडे जात. जे मानत, त्यांच्याकडेही मी वर्षा-दोन वर्षांनी जाऊन पाहायची, तर पांढरे पट्टे पुसलेले, दिवे गेलेले, पायवाटेवर मोटरसायकली लावलेल्या, झाडांना पाणी नाही. पुन्हा सांगायचं, पुन्हा भांडायचं.

असंच एका तालुक्याच्या दवाखान्याचं काम आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेले तेव्हा नकाशा सोबतच नेला. सण झाला, पितरांना पान ठेवलं. दुपारी मी ओसरीत कागद पसरून बसले. आई जवळ येऊन बसली. ती आता थकली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं.

"काय हाय ते?" तिनं विचारलं. माझ्या कामाबद्दल तिनं विचारायची ती पहिलीच वेळ.

"दवाखान्यासमोरची जागा. इकडून गाड्या आत येतील, तिकडून बाहेर. ही माणसांची वाट."

"आन हे?"

"हे नातेवाइकांसाठी शेड. बाकडी, पाणी, वर पंखे."

"सावली चांगली राहीन."

"हो."

"वार्ड कुठी हाय?"

मी बोट ठेवलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"शेडातून वार्डाच्या खिडक्या दिसतात का?"

"नाही. मधात जिना येते."

तिनं कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "मंग इथं कोनी बसणार नाही."

"काऊन नाही बसणार?"

"हे देवळाच्या ओट्यावर काऊन नाही बसले, माहीत हाय तुले?"

माझा हात पेन्सिलीवरच थांबला.

"मले भरती केलं त्या दिवशी मी लय भेली होती," आई म्हणाली. "म्हटलं, तुमाले ऐकू येत नाही, मी वरतून हाक मारली त तुमाले काय समजन? त म्हणाले, मी तुले खिडकीतून दिसन अशा जाग्यावर बसतो. काही लागलं त हात दाखव, मी पाहून राहीन. माह्या खाटेवरून तेवढाच तुकडा दिसे. ओटा नाही दिसे. दुपारी तुहा डोळा लागला, मी हात दाखवला की तेही दाखवत."

"आन त्या दिवशी?"

"त्या दिवशी सुई देल्ली होती. उठली त जागा रिकामी." तिनं कागदावरची धूळ नसतानाही हातानं झाडली. "मंग रोज पाहिली मी ती जागा, कुंदा. तू म्हटलं गावी गेले, म्हणून पाहत राह्यली. वाटे, आज येतील. आज बसलेले दिसतील."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे काही सुचत होतं ते सगळं 'डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून' असंच सुरू होत होतं.

आईनं नकाशावर बोट ठेवलं. "हे इकडे घे. इथून दिसन."

"इथं घेतलं त सहा गाड्या कमी होतील. ते लोक ऐकणार नाहीत."

"तू सांग त्यायले."

मी खोडरबर घेतला. शेड पुसली आणि तिनं दाखवलेल्या जागी काढायला लागले. ती शेजारी बसून पाहत होती. भिंत कुठं येते, खिडकी कुठं, असं मध्ये मध्ये विचारत होती. बाबांबद्दल आम्ही दोघी बोललो ते तेवढंच. पुढं ती गेली तोपर्यंत हा विषय पुन्हा निघाला नाही.

ऊन कललं तशी ती उठून आत गेली. चहा घेऊन आली तेव्हा थाळीत तीन कप होते. एक माझ्यापुढं ठेवला, एक स्वतः घेतला. तिसऱ्याकडे पाहून म्हणाली, "गिरणीवर देऊन ये."

मी कप घेऊन गेले. सणाचा दिवस असूनही कोणाचं तरी दळण चालू होतं. आत पिठाचा धुरळा होता, पट्टा धडधडत होता. देविदास पाठमोरा उभा राहून सुपातलं धान्य हातानं लोटत होता. डोकं, खांदे पांढरे झाले होते. त्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हता. मी दारातच थांबले, त्याचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत.